लॉन, हॉल, किनारा की घर? फोटोंच्या बाजूने लग्नाची जागा आणि ऋतू कसा ठरवायचा

लग्नाची जागा बघायला गेलं की सगळेजण गेट कसं आहे, स्टेज केवढं आहे, गाड्या किती बसतील हे बघतात, आणि फोटोंचा विषय निघाला की जागेवाला मोबाईलवर सजवलेल्या रिकाम्या हॉलचे फोटो दाखवतो. झुंबरं, फुलं, लायटिंग, सगळं झक्कास, फक्त त्यात माणूस एकही नसतो. तुमच्या अल्बममध्ये तर माणसंच असणारेत ना! म्हणून लग्नाचे फोटो काढणारी बाई म्हणून मी जागांची तुलना करताना दोनच गोष्टी धरून चालते: मुख्य विधीच्या वेळेला चेहऱ्यावर उजेड कुठून येणार, आणि जमलेली माणसं त्या वेळेला तिथे आरामात असतील का. उन्हात डोळे बारीक करून बसलेले काका हसत नाहीत आणि थंडीने काकडलेली मावशी नाचायला उठत नाही, मग कॅमेरा कितीही भारी असू दे. आनंद समोर असला तरच फोटोत येतो, आणि तो समोर यायला माणसाला घाम, वारा, अंधार, गर्दी यातून थोडी मोकळीक लागते.

खाली जे लिहितेय ते याच दोन कसोट्यांवर. सजावट, जेवण, बजेट यात मी पडत नाही, ते तुम्ही बघालच.

उघडं लॉन की बंद हॉल

बहुतेकांची अडचण इथेच असते म्हणून यावर जरा सविस्तर.

लॉनवरच्या लग्नात सगळा खेळ वेळेचा असतो. तेच लॉन दुपारी बारा वाजता आणि संध्याकाळी साडेपाचला बघा, दोन वेगळ्या जागा वाटतील. भर दुपारी ऊन डोक्यावरून येतं, भुवयांची सावली डोळ्यांत पडते, नाकाची ओठावर, आणि ज्या डोळ्यांत आनंद दिसायचा तेच काळे खड्डे होऊन बसतात. त्यात खाली हिरवळ असेल तर हनुवटीखाली आणि गळ्यावर हिरवट झाक येते, पांढऱ्या किंवा फिक्या कपड्यांवर तर जास्तच. एडिटिंगमध्ये कमी करता येते पण शेकडो फोटोंत प्रत्येक चेहरा वेगळा दुरुस्त करणं सोपं नाही. झाडाखाली स्टेज घेऊ म्हणता? दाट सावलीचं झाड असेल तर उत्तम, पण पानांमधून उन्हाचे कवडसे पडत असतील तर नवरीच्या कपाळावर एक पांढरा ठिपका, गालावर दुसरा, आणि हे कवडसे वाऱ्याबरोबर हलत राहतात त्यामुळे दोन सलग फोटोसुद्धा सारखे येत नाहीत.

तेच लॉन उन्हं कलल्यावर घ्या. सूर्य क्षितिजाजवळ आला की उजेड तिरपा आणि पिवळसर होतो, सावल्या मऊ पडतात, लोकांच्या अंगावरचा उन्हाचा ताव उतरलेला असतो, पोरं हिरवळीवर लोळायला लागतात, मोठी माणसं खुर्च्या गोल करून बसतात. हा तासभर लॉनला जे देतो ते कुठलाच हॉल देऊ शकत नाही, यात मला काडीची शंका नाही. पण तो तासभरच असतो. विधी अर्धा तास लांबला तर तासातला अर्धा भाग गेला, कारण आकाशात सूर्य तासाला १५ अंश सरकतो आणि तो कुणासाठी थांबत नाही. म्हणून ज्या घरात कार्यक्रम वेळेवर होतात अशी ख्याती आहे त्यांनी संध्याकाळचं लॉन डोळे मिटून घ्यावं, आणि ज्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उशीर हा ठरलेलाच, त्यांनी विचार करावा.

अजून एक, स्टेजचं तोंड. संध्याकाळचा विधी आणि स्टेज पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे नवरा-नवरी थेट सूर्याकडे बघणार, डोळे मिचकावणार, पाणी येणार. सूर्य त्यांच्या मागे किंवा तिरका पाठीशी असला तर केसांना उजेडाची किनार येते आणि चेहरा मऊ सावलीत राहतो. सगळ्यात वाईट म्हणजे अर्धं स्टेज उन्हात अर्धं सावलीत, तिथे एकजण पांढराफटक आणि दुसरा काळवंडलेला येतो आणि कॅमेऱ्याला दोघांना एकदम सांभाळणं जमत नाही. ही गोष्ट डेकोरेटरला आधी सांगितली तर स्टेज फिरवायला काही अडचण नसते, खांब रोवल्यावर सांगितली तर कोणी ऐकत नाही.

आता हॉल. हॉलचा मोठेपणा हा की तिथे दुपार, रात्र, पाऊस, वारा काहीच नडत नाही. पाहुणे गार हवेत बसलेले असतात, आजी-आजोबा शेवटपर्यंत थांबतात, रात्री उशिरा नाच सुरू झाला की हॉलमध्ये जो दंगा होतो तो लॉनवर क्वचित होतो, कारण आवाज आणि माणसं चार भिंतींत एकत्र राहतात. नाचाचे फोटो ज्यांना जीव की प्राण आहेत त्यांनी हॉलच घ्यावा असं माझं स्पष्ट मत.

पण हॉलमधला उजेड हा डोकेदुखीचा विषय. छतात पिवळे दिवे साधारण २७०० ते ३२०० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास, स्टेजवर व्हिडिओवाल्याचे पांढरे लाइट, आणि मागे जांभळे-निळे एलईडी, म्हणजे एकाच चेहऱ्याचा डावा गाल पिवळा, उजवा निळा, कान जांभळा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून रंग सावरणारी सेटिंग, एका वेळी एकाच रंगाला नीट करू शकतो, चार रंगांना नाही. जांभळा एलईडी चेहऱ्यावर पडला की त्वचेचा खरा रंग फोटोत उरतच नाही, तो नंतर कुठून आणणार? त्यामुळे हॉल बुक करताना एकच गोष्ट मागा, विधी चालू असताना रंगीत लाइट भिंतीवर, पडद्यावर, छतावर पडू देत पण चेहऱ्यावर नको. नाचाच्या वेळी मात्र खुशाल पडू देत, तिथे रंगच मजा आणतात.

दुसरी भानगड फ्लिकरची. विजेवर चालणारे बरेच दिवे सतत लुकलुकत असतात, ५० हर्ट्झची वीज असेल तर सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्झ असेल तर १२० वेळा. डोळ्याला कळत नाही पण जलद शटरवर (कॅमेरा अगदी क्षणभरच उजेड आत घेतो तेव्हा) फोटोत काळे पट्टे येतात किंवा एक फोटो उजळ, पुढचा मळकट. फोटोग्राफर शटर स्पीड १/१०० सेकंद किंवा ६० हर्ट्झच्या ठिकाणी १/१२५ सेकंद धरून हे बऱ्यापैकी आटोक्यात ठेवतो, पण मंद-तेज करता येणारे स्टेजचे एलईडी स्वतःच्याच वेगाने लुकलुकतात, आणि आवाज न करणारा सायलेंट शटर वापरला की पट्टे आणखी उठून दिसतात. म्हणून हॉल फायनल करण्याआधी फोटोग्राफरला एकदा तिथे नेऊन सगळे लाइट चालू करून चार टेस्ट फोटो काढायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि छत बघा, हो, छत. पांढरं आणि फार उंच नसलेलं छत असेल तर फ्लॅश वर मारून उजेड मऊ करून खाली आणता येतो, चेहरे छान येतात आणि कुणाच्या डोळ्यावर झगझगाट होत नाही. छत फार उंच असेल तर उजेड तिथपर्यंत जाऊन परत येईपर्यंत संपतो, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. लाकडी किंवा रंगीत छत असेल तर तोच रंग तोंडावर उतरतो. अशा ठिकाणी फोटोग्राफरने कोपऱ्यांत स्टँडवर दोन-तीन लाइट लावले पाहिजेत, आणि ते लावायला त्याला जागा आणि परवानगी लागते, हे आधीच बोलून घेतलेलं बरं. उघड्या लॉनवर रात्रीही हीच गोष्ट, तिथे तर छतच नाही.

मधला मार्ग म्हणजे लॉनवर कापडी तंबू. हा मला फार आवडतो, फक्त कापड पांढरं किंवा फिकट क्रीम असलं पाहिजे. दुपारचं कडक ऊन पांढऱ्या कापडातून गाळून खाली आलं की सगळ्या माणसांवर एकसारखा मऊ उजेड पडतो, कुणीही कुठेही बसलं तरी चांगलं दिसतं. तेच कापड लाल किंवा भगवं घेतलं तर दिवसभर सगळे लालबुंद, पांढरी दाढीसुद्धा गुलाबी, आणि कपड्यांचे खरे रंग कधीच कळत नाहीत. पिवळ्या कापडाने माणसं आजारी दिसतात. रंगच हवा असेल तर तो बाजूच्या पडद्यांना, झालरीला द्या, डोक्यावर पांढरंच.

समुद्रकिनारा की डोंगर

दोन्हीकडे लोक जातात ते मागचा देखावा बघून, आणि देखावा खरंच मिळतो, पण दोन्हीकडे निसर्गाचं वेळापत्रक तुमच्या वेळापत्रकापेक्षा मोठं असतं.

किनाऱ्यावर वारा हा मुख्य प्रश्न. केस, पदर, ओढणी, फुलं, कागद, सगळं उडतं, आणि मजा म्हणजे हसणं पण उडतं, वाऱ्यात माणसं जास्त मोकळी हसतात, एकमेकांचे केस सावरतात, ते फोटो खूप जिवंत येतात. ज्या नवरीला एकही केस हललेला चालणार नाही तिने किनारा घेऊ नये, आणि जिला चालेल तिला यासारखी जागा नाही. कोरडी वाळू खालून उजेड परत वर फेकते त्यामुळे डोळ्यांखालची सावली आपोआप भरून निघते, हिरवळीसारखी हिरवी झाक नाही, हा किनाऱ्याचा मोठा फायदा ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. दुपारी मात्र तीच वाळू डोळे दिपवते.

भरती-ओहोटी बघायलाच हवी. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे आज संध्याकाळी पाचला जिथे रुंद वाळू दिसतेय तिथे तुमच्या तारखेला त्याच वेळी गुडघाभर पाणी असू शकतं. भरतीचे तक्ते आधीच छापलेले असतात, तारीख टाकून बघता येतात. आणि समुद्रात बुडणारा सूर्य पश्चिमेकडे समुद्र असलेल्या किनाऱ्यावरच मिळतो, पूर्वेकडच्या किनाऱ्यावर त्यासाठी पहाटे उठावं लागेल! हे सांगायची गरज नाही असं वाटतं पण बुकिंग करताना भलेभले विसरतात.

डोंगरात वेगळीच गंमत. हवामानाच्या ॲपमध्ये सूर्यास्त साडेसहाचा दाखवतो पण समोरच्या डोंगरामागे सूर्य त्याच्या कितीतरी आधी जातो, दरीतली जागा असेल तर आणखी आधी. म्हणजे सोनेरी उजेडाचा तो तास तुम्हाला वाटतो तेव्हा नसतोच. त्यामुळे डोंगरातली जागा शक्यतो लग्नाच्या आसपासच्याच तारखेला, त्याच वेळेला जाऊन बघावी, वर्षाच्या दुसऱ्या टोकाला बघितलेली जागा फसवते. धुकं आलं तर घाबरू नका. धुक्यात मागचा पसारा पुसला जातो, माणसं उठून दिसतात, दोघंच चालत असतील तर फोटो असा येतो की बघत बसावं. फक्त दाट धुक्यात ऑटोफोकस चाचपडतो आणि दूरचा देखावा गेलेला असतो, तेव्हा ज्यांनी देखाव्यासाठीच डोंगर घेतला त्यांचा विरस होतो.

पाहुण्यांच्या दृष्टीने बघायचं तर किनाऱ्यावर वाळूतून चालणं आणि डोंगरात चढ, वयस्कर माणसांना दोन्ही त्रासाचं, आणि घरातली म्हातारी माणसं एका खुर्चीत अडकून पडली तर त्यांचे फोटोही त्या एकाच खुर्चीतले येतात. हे मला फार लागतं. दहा वर्षांनी अल्बम उघडल्यावर घरचे सगळ्यात आधी त्यांनाच शोधतात.

जुनी वास्तू, प्रार्थनास्थळ, आणि आपलं घर

जुने वाडे, किल्लेवजा हॉटेलं, दगडी इमारती फोटोत राजेशाही दिसतात हे खरं, पण काळा दगड उजेड गिळतो. उंचावरच्या छोट्या खिडक्यांतून येणारा एखादा झोत आणि बाकी अंधार, असं दृश्य दोघांच्या फोटोला अप्रतिम, पण चाळीस माणसांच्या ग्रुप फोटोला अवघड. बऱ्याच संरक्षित वास्तूंमध्ये फ्लॅश, ट्रायपॉड, ड्रोन यांच्यावर बंदी असते किंवा आधी लेखी परवानगी लागते. प्रार्थनास्थळातही तेच, कुठे उभं राहायचं आणि कधी हलायचं नाही याचे नियम असतात आणि ते पाळलेच पाहिजेत. अशा जागी फोटोग्राफर निवडताना त्याची अंधारात, फ्लॅशशिवाय काढलेली लग्नं बघायला मागा. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, एफ/१.४ किंवा एफ/१.८ ची लेन्स (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो), आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता ६४०० पर्यंत न्यायची तयारी आणि आवाज न करणारा शटर, एवढं असेल तर काम होतं. एफ/२.८ च्या झूमपेक्षा एफ/१.४ ची लेन्स चौपट उजेड आत घेते, अंधाऱ्या जागी हा फरक छोटा नाही.

घर मात्र मला सगळ्यांपेक्षा प्रिय आहे आणि ते मी लपवणार नाही. लोकांना वाटतं घर लहान, पसारा फार, फोटो कसले येणार. पण घरात माणसं घरच्यासारखी वागतात, कुणी पोझ देत नाही. नवरीची तयारी चाललेली एक खोली आठवते, छतातले सगळे दिवे बंद केलेले, एकच खिडकी, नवरी खिडकीकडे तोंड करून बसलेली, मागे बहीण तोंडात दोन पिना धरून तिच्या केसांत तिसरी खोचतेय, आणि दारात वडील, हातात पाण्याचा ग्लास, आत यावं की नको अशा अवघडलेल्या चेहऱ्याने. बहीण तोंडातल्या पिना न काढताच काहीतरी बोलली, कुणाला एक अक्षर कळलं नाही, आणि तिघंही एकदम फिसकन हसले, वडिलांच्या हातातलं पाणी सांडलं. खिडकीचा उजेड बाजूने होता म्हणून तिघांचे तीन चेहरे एका फ्रेममध्ये आले, सांडलेल्या पाण्याचा चमकता ओघळसुद्धा. असं हॉलच्या मेकअप रूममध्ये होत नाही, तिथे चौफेर आरसे, ट्यूबलाइट आणि बाहेर रांगेत पुढची माणसं.

घरासाठी तयारी एवढीच, एक मोठ्या खिडकीची खोली रिकामी करून ठेवा, पिशव्या-खोकी दुसऱ्या खोलीत, दिवे बंद करता येतील असं बघा, आणि ३५ किंवा २४ एमएमची, म्हणजे जवळूनही रुंद दृश्य टिपणारी लेन्स वापरणारा माणूस घ्या, लांबून झूम करून काढणाऱ्याला तीन पावलं मागे जायलाही जागा मिळणार नाही. मोठी गर्दी असेल तर घर नको, दोन-तीनशे माणसं कोंबली की उजेडही नाही आणि आरामही नाही. अशा वेळी सकाळची तयारी घरी आणि मुख्य कार्यक्रम बाहेर, ही विभागणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

टेरेसचं थोडक्यात: सूर्यास्त आणि नंतर शहराचे दिवे दोन्ही मिळतात, पण वारा असतो, फ्लॅशला छत नसतं आणि पाऊस आला तर पळायला जागा लागते. छोटं लग्न असेल तर जरूर.

आता ऋतू

उन्हाळ्याचा दिवस मोठा, म्हणजे हातात वेळ जास्त, संध्याकाळ लांबते. विषुववृत्तापासून जितकं दूर तितका हा फरक मोठा, लंडनमध्ये जूनच्या शेवटी सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो आणि डिसेंबरमध्ये चार वाजायच्या आधीच, तर सिंगापूरमध्ये वर्षभर सूर्यास्त सातच्या आसपासच. आणि विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो त्यामुळे तो सोनेरी उजेड भराभर संपतो, लांबच्या देशांत तो तिरका रेंगाळत राहतो. तुमचं लग्न जिथे आहे तिथला सूर्यास्त तारीख टाकून बघा, मग पत्रिकेवर वेळ छापा.

उन्हाळ्याची वाईट बाजू सगळ्यांना माहीत आहे, घाम. चेहरे चकाकतात, मेकअप ओघळतो, दुपारनंतर पाहुणे मरगळतात आणि फोटोत ती मरगळ स्पष्ट दिसते. उन्हाळा असेल तर एक तर सकाळी लवकर, कोवळ्या उन्हात, नाहीतर संध्याकाळी, आणि मधल्या वेळात सगळ्यांना आत ठेवा. उन्हाळा आणि दुपार आणि उघडं लॉन, हे त्रिकूट मी कुणालाच सुचवणार नाही, कितीही सुंदर लॉन असलं तरी.

पावसाळ्याला लोक घाबरतात, आणि फोटोंच्या बाजूने बघितलं तर ही भीती बरीचशी फुकटची आहे. झाकोळलेलं आभाळ हे उजेडासाठी वरदान, ढगांमुळे ऊन मऊ होतं, सावल्या जवळजवळ नाहीशा होतात, दुपारी एक वाजता काढलेला चेहराही गोड येतो. उजेड मात्र कमी होतो, हलक्या ढगाळ दिवशी कडक उन्हाच्या चौथा हिस्सा, दाट ढग असतील तर आठवा हिस्साही, पण आजच्या कॅमेऱ्यांना ते सहज पेलतं. रंग खोल होतात, झाडं धुतलेली असतात, ओल्या फरशीत माणसांचं प्रतिबिंब पडतं, संध्याकाळी त्याच फरशीत दिवे दिसतात. रात्री पाऊस भुरभुरत असेल आणि दोघांच्या मागे एक फ्लॅश ठेवला तर हवेतला प्रत्येक थेंब चमकतो, समोरून फ्लॅश मारला तर तेच थेंब पांढरे डाग होऊन चेहऱ्यासमोर येतात, एवढाच कायतो फरक. शिवाय पाऊस आल्यावर माणसं जी पळापळ करतात, एका छत्रीत चौघी घुसतात, कुणी उपरणं डोक्यावर धरतो, कुणी मुद्दाम भिजतो, त्या वेळचे चेहरे पैसे देऊन मिळत नाहीत.

पण एक अट. पावसाळ्यात जागेला पक्कं छत आणि शिवाय रुंद व्हरांडा हवा. व्हरांडा का, तर तिथे वरून पाऊस नाही, बाजूने सगळा ढगाळ उजेड आत येतो, आणि सगळे ग्रुप फोटो तिथे निघतात. व्हरांडा नसलेला बंद हॉल पावसाळ्यात घेतला तर पावसाचा फायदा काहीच नाही, फक्त चिखल. फोटोग्राफरच्या बाजूने सांगायचं तर गार एसी हॉलमधून कॅमेरा एकदम बाहेर दमट हवेत काढला की लेन्सवर वाफ धरते आणि काही मिनिटं काहीच काढता येत नाही, म्हणून एक कॅमेरा आधीपासून बाहेरच ठेवायचा. लेन्सला बुरशी लागते ती याच दिवसांत, सिलिका जेल बॅगेत हवंच. ही काळजी तुमची नाही, पण समोरचा फोटोग्राफर हे सगळं स्वतःहून बोलतो का यावरून तो पावसात किती मुरलाय ते कळतं.

हिवाळा बहुतेकांचा लाडका, आणि उजेडाच्या बाबतीत तो लाड रास्त आहे. सूर्य आकाशात खालून फिरतो त्यामुळे दुपारचं ऊनही तितकं डोक्यावर येत नाही, दिवसाचे जास्त तास वापरण्यासारखे असतात, विषुववृत्तापासून दूर गेलात तर अख्खा दिवसच. घाम नाही, मेकअप टिकतो, माणसं उत्साहात. अडचण दोनच. दिवस लहान, म्हणजे संध्याकाळी पाचचा विधी ठरवला आणि सहाला अंधार पडला तर उघड्या जागेचा फायदा काय? हिवाळ्यात उघड्यावरचा विधी दुपारी तीन-साडेतीनला घ्या. आणि रात्रीची थंडी, उघड्या लॉनवर नऊनंतर सगळे शाली गुंडाळून शेकोटीपाशी बसतात, शेकोटीभोवतीचे फोटो उबदार येतात पण नाच ओसरतो. बर्फ पडणाऱ्या ठिकाणी लग्न असेल तर आणखी एक, ताजा बर्फ पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांहून जास्त परत फेकतो आणि कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर त्याला मध्यम राखाडी समजून फोटो अंधारा काढतं, मग एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वाढवून घ्यावं लागतं. पांढऱ्या पोशाखाचंही थोड्याफार फरकाने तेच. थंडीत बॅटऱ्या लवकर मान टाकतात म्हणून जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायच्या.

पावसाळा संपल्यावरचे आठवडे, थंडी सुरू व्हायच्या आधीचे, हे माझ्या मते सगळ्यात कमी वापरले गेलेले दिवस. हवा धुतलेली, आभाळ स्वच्छ, हिरवळ शाबूत, दिवस फार लहान नाही. वसंतात फुलं असतात पण बऱ्याच ठिकाणी हवा लहरी. आणि परदेशात लग्न करत असाल तर हे विसरू नका की दक्षिण गोलार्धात जून-जुलै म्हणजे हिवाळा.

मग निवडायचं काय

गर्दी मोठी, तारीख उन्हाळ्यातली, घरात वयस्कर माणसं बरीच: गार हॉल, उंच नसलेलं पांढरं छत, आणि दोघांचे वेगळे फोटो सूर्यास्ताला वीस मिनिटं बाहेर. गर्दी मध्यम, हिवाळा: पांढऱ्या तंबूचं लॉन, दुपारी विधी, रात्रीच्या नाचाला शेजारी बंद जागा. छोटं लग्न, पावसाळा: व्हरांड्याचं घर किंवा जुना वाडा, आणि मी तर म्हणेन सगळ्यात जास्त आनंदी फोटो इथेच निघतील. किनारा घ्यायचा तर हिवाळ्यात, भरतीचा तक्ता बघून. डोंगर पावसाळ्यानंतर लगेच.

दोन जागांमध्ये अगदीच अडकला असाल आणि एक देखाव्याने सुंदर, दुसरी माणसांना सोयीची, तर सोयीची घ्या, कारण देखाव्यातले फोटो दुसऱ्या दिवशीही काढता येतात. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचं लग्न फेब्रुवारी १८४० मधलं, आणि आज ज्याला त्यांच्या लग्नाचा फोटो म्हणून लोक दाखवतात तो फोटोग्राफर रॉजर फेंटनने १८५४ मध्ये काढलेला आहे, चौदा वर्षांनी! पोशाख घालून, शांतपणे उभं राहून काढलेला फोटो कधीही काढता येतो. बहिणीने पिना तोंडात धरून काहीतरी पुटपुटलं आणि वडील हसले, ते दुसऱ्या दिवशी सांगून होत नाही. म्हणून वेळ, जागा, ऋतू ठरवताना विधी आणि माणसांचा विचार आधी करा, डोंगरमाथ्यावरचा तुमचा दोघांचा फोटो आठवड्याने काढू, फोटोग्राफरला आधीच त्या अर्ध्या दिवसाचं सांगून ठेवा.

जागा बघायला जाल तेव्हा विधीच्याच वेळेला जा, सोबत कुणालातरी न्या, त्याला बरोबर स्टेजच्या जागी उभं करा आणि मोबाईलवर त्याचा चेहरा चार बाजूंनी काढा. डोळे दिसतायत का, रंग खरा आहे का, त्याला डोळे बारीक करावे लागतायत का, एवढं बघा. मग तेच लाइट चालू करून. मग ग्रुप फोटोसाठी चाळीस माणसं एका रांगेत नाही तर तीन रांगांत कुठे उभी राहतील ते विचारा, पायऱ्या असतील तर फार छान. पाऊस आला तर दुसरी जागा कुठली, ती त्या दिवशी दुसऱ्या कुणाला दिलेली तर नाही ना, हे लेखी घ्या. फोटोग्राफरला दोन कार्डांवर एकदम फोटो साठवणारा कॅमेरा आहे का आणि त्याच रात्री दुसरी कॉपी करतो का हेही विचारून ठेवा, हो म्हणाला तर तारीख पक्की करून टाका.